चासी तेवढी जुनी

जीपचा नंबर सापडायला आम्हाला दोन दिवस लागले. पुढच्या बंपरच्या मागं, डाव्या बाजूच्या चासीवर, ग्रीस आणि मातीचा बोटभर थर बसला होता. त्याखाली निळा रंग, निळ्याखाली पांढरा आणि पांढऱ्याखाली मिलिटरीचा तो मळकट हिरवा. मिस्त्री रॉकेलचा बोळा फिरवत होते, तारेच्या ब्रशनं घासत होते आणि मी शेजारी स्टुलावर आरसी बुक उघडून बसलो होतो. बुकात लिहिलं होतं : मेक विलीज, मॉडेल १९४४. चासी नंबराच्या रकान्यात सहा आकडे. ते सहा आकडे लोखंडावर सापडले नसते, तर कायद्याच्या दृष्टीनं माझ्याकडं गाडी नव्हती, टनभर भंगार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रींच्या बोटांना चासीच्या आतल्या अंगाला रिव्हेटची भोकं लागली. विलीज कंपनी नंबराची पट्टी तिथंच मारत असे. भोकं होती, पट्टी नव्हती. नंबर सापडला तो तिथून वीतभर मागं. हातानं ठोकलेला, आकड्यांची ओळ उताराला लागल्यासारखी.

"सर, हा नंबर कंपनीचा न्हाई," मिस्त्री म्हणाले. "आपल्याकडं कुणीतरी ठोकलाय. बघा की, आठ कसा वाकडा बसलाय."

बुकाच्या मागच्या पानावर एका कारकुनाच्या हस्ताक्षरात, शिक्क्याच्या अर्ध्या वर्तुळाखाली, त्याची नोंदही निघाली : मूळ पट्टी नसल्यानं नंबर परवानगीनं पुन्हा ठोकला. म्हणजे या गाडीत जी एकमेव गोष्ट बदलत नाही असं कायदा मानतो, तीही एकदा बदलून झालेली होती.

मला जुन्या गाड्यांचा शौक नाही. तेहतीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशाळा शिकवली, निवृत्तीनंतर गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या एका शेतकऱ्याच्या छपरात ही जीप उसाच्या वाड्याखाली दबलेली दिसली आणि विकत घेतली. विचार सोपा होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सुटे भाग मिळतात, नाही मिळाले तर करून मिळतात. गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची आणि पावसाळ्यात डोंगरात न्यायची. पण मूळ रूप म्हणजे कोणतं, हे ठरवायला बसलो आणि जीपच्या इतिहासात शिरलो. आत गेल्यावर कळलं, की प्रश्नच चुकीचा विचारला होता.

जीपला एक बाप नाही. जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्करानं १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली : चारही चाकांना ओढ असलेली, हलकी, टेहळणीची गाडी हवी, नमुना ४९ दिवसांत. वजनाची मर्यादा १३०० पौंड, म्हणजे सहाशे किलोच्या आत. हे वजन अशक्य होतं आणि पुढं लष्करालाच ते वाढवावं लागलं. मुदत पाळायची तयारी दाखवली ती पेन्सिल्वेनियातल्या बटलर गावच्या बँटम या दिवाळखोरीच्या काठावरच्या कंपनीनं. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानं आराखडे काढले आणि २३ सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास असताना, गाडी होलाबर्डच्या लष्करी तळावर पोचली. गाडी आवडली, कंपनी आवडली नाही. एवढ्या लहान कारखान्यातून हजारोंनी गाड्या निघणार नाहीत, असा लष्कराचा हिशेब होता. बँटमचे आराखडे विलीज आणि फोर्ड यांना दाखवले गेले. विलीजचं इंजिन सर्वांत जोरकस निघालं : २१९९ सीसी, साठ अश्वशक्ती. ते इंजिन निवडलं गेलं. फोर्डनं दाबकामानं केलेली पत्र्याची जाळी स्वस्त होती, ती विलीजनं उचलली. म्हणजे कल्पना एकाची, काळीज दुसऱ्याचं, तोंड तिसऱ्याचं. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांवर जीप झाल्या.

यातली एक अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दोन्ही कारखान्यांचे सुटे भाग एकमेकांच्या गाडीला बसलेच पाहिजेत. रणांगणावर मोडलेल्या तीन जीपमधून दोन चालत्या करायच्या, तर फोर्डचा ॲक्सल विलीजला चालला पाहिजे. फोर्डला हे मनातून फारसं रुचलं नसावं. त्यांनी बोल्टाच्या डोक्यापासून आपल्या कित्येक भागांवर 'एफ' हे अक्षर उमटवलं, आपला माल ओळखता यावा म्हणून. आज तेच अक्षर आमच्यासारख्यांच्या कामी येतं. आमच्या गाडीची चासी विलीजची, कारण रेडिएटरखालचा आडवा दांडा गोल नळीचा आहे. फोर्डचा तो उलट्या पन्हाळीसारखा चौकोनी असतो. पण डाव्या बाजूच्या बोल्टांवरची घाण पुसली, तर अकरापैकी चारांवर 'एफ'. हे बोल्ट कुठं बदलले? आसामात, इंफाळच्या वाटेवर, की कोल्हापुरात? सांगता येत नाही. एवढं मात्र खरं, की ही गाडी मोडून पुन्हा जोडली जाण्यासाठीच जन्माला आली होती. दुरुस्ती हा तिच्या म्हातारपणाचा भाग नव्हे, आराखड्याचा भाग होता.

युद्ध संपलं तेव्हा पूर्व भारतात गाड्यांचे डोंगर साठले होते. लेडोहून ब्रह्मदेशातून चीनकडं जाणारा रस्ता १९४५ च्या जानेवारीत खुला झाला आणि काही महिन्यांतच त्याची गरज संपली. आसाम-बंगालातल्या तळांवरच्या गाड्या परत नेण्यापेक्षा इथंच विकणं स्वस्त होतं. 'डिस्पोजल' हा शब्द तेव्हा आपल्या भाषेत आला. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलचा तंबू, डिस्पोजलची जीप. बंगालातल्या पानागढला आजही जुन्या लष्करी गाड्यांचा बाजार आहे. पुढं पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं मंडी डबवाली गाव डिस्पोजलच्या मालातून उघड्या जीप उभ्या करण्यासाठी प्रसिद्ध झालं. या जीपना कुठल्या कंपनीच्या म्हणायचं? चासी लिलावातली, इंजिन दुसऱ्या लिलावातलं, पत्रा गावच्या लोहाराचा. फिलिपाइन्समध्ये तर लोकांनी अमेरिकनांनी टाकलेल्या जीप लांबवून, छप्पर घालून, रंगवून त्यांची सार्वजनिक वाहनं केली आणि जीपनी ही त्या देशाची ओळख झाली.

इंग्लंडमध्ये याहून मौजेची गोष्ट घडली. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांच्या अँगलसी बेटावरच्या शेतात युद्धातून उरलेली एक विलीज राबत होती. ती मोडली तर काय घ्यायचं, या प्रश्नातून १९४७ मध्ये त्यांनी नवी गाडी करायला घेतली आणि पहिला नमुना चक्क जीपच्याच चासीवर उभा केला. पोलादावर नियंत्रण होतं, म्हणून अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं केलं. ३० एप्रिल १९४८ ला ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांपुढं आलेली ती लँड रोव्हर. साहेबी रुबाबाचं हे सगळं घराणं एका सेकंडहँड जीपच्या पुनर्बांधणीतून सुरू झालं, हे त्यांच्या दिमाखदार शोरूममध्ये कुणी फारसं सांगत नसावं. त्याच लँड रोव्हरचं पुढं आपल्याकडं काय झालं ते दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांगला दिसतं. चहामळ्यांच्या काळातल्या, १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर तिथून ३,६३६ मीटर उंचीवरच्या संदकफूपर्यंत दगडी वाटेनं कित्येक वर्षं माणसं आणि बटाटे वाहत राहिल्या, आणि त्यातल्या पुष्कळशांच्या पोटात महिंद्राचं डिझेल इंजिन असे. जीपच्या चासीवर जन्मलेली गाडी जीपवाल्यांच्या इंजिनावर म्हातारी झाली.

*

महिंद्रांची कथा मुंबईकरांना ठाऊक असते, तरी एक दुवा पुन्हा सांगतो. के. सी. आणि जे. सी. महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत २ ऑक्टोबर १९४५ ला पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहम्मद' कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरलही. आणि इथल्या पाटीवरचं दुसरं नाव बदललं. चाळीसचं दशक संपता संपता माझगावात विलीजच्या जीप सुट्या भागांतून जोडल्या जाऊ लागल्या. भारतातली 'नवी' जीपसुद्धा अशी जोडकामातूनच आली.

त्याच सुमारास 'जुन्या' जीपनी देशाच्या राजकारणात वादळ उठवलं. काश्मीरचं युद्ध चालू होतं, लष्कराला गाड्या तातडीनं हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी १९४८ मध्ये एका परदेशी कंपनीशी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपचा सौदा केला. प्रत्यक्ष आल्या १५५, आणि त्याही लष्करानं नाकारण्याच्या अवस्थेत. स्वतंत्र भारतातला पहिला घोटाळा म्हणून या प्रकरणाचा उल्लेख होतो. १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारपुरतं ते प्रकरण संपल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी मेनन मंत्रिमंडळात आले. राजकीय इतिहासकार या घटनेत सत्तेची निगरगट्टता पाहतात, ते बरोबरच आहे. यंत्रशाळेतल्या माणसाला मात्र त्यात दुसरंही काही दिसतं. दुरुस्त केलेली गाडी वरून पाहून ओळखता येत नाही. ताजा रंग, नवा हुड, चकचकीत बोल्ट. आत बेअरिंगची काय दशा आहे, ते उघडल्याशिवाय कळत नाही. पुनर्बांधणी हा मुळात विश्वासाचा व्यवहार आहे, आणि तो विश्वास कागदावर येत नाही. मिस्त्रीच्या हातावर असतो.

त्यानंतरची तीस वर्षं जीप आपल्याकडं सरकारचं वाहन होती. १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि खेड्यात सरकार आलं ते जीपमधून. बीडीओची जीप, हिवतापवाल्यांची जीप, निवडणुकीतली कर्णे बांधलेली जीप. स्टिअरिंग डावीकडंच राहिलं. मागच्या फळीवर मोठ्या अक्षरांत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' लिहून आपण तो प्रश्न मिटवला. गाडी उजवीकडची करायची तर स्टिअरिंगचा डबा, पेडलं, सगळंच हलवावं लागतं. रंगाचा डबा त्यापेक्षा स्वस्त. आमच्या जीपच्या मागच्या फळीवर निळ्या रंगाखाली ती अक्षरं अजून बोटाला लागतात.

१९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्या, पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांत मोठी दरी पडली आणि देशभरच्या गॅरेजांत जीपची पोटं फाडली जाऊ लागली. आमच्या आरसी बुकात १९७९ ची नोंद आहे : इंधन पेट्रोल खोडून डिझेल. दोन शब्दांची नोंद. पण तिच्यामागं काय घडलं असेल ते गाडी खोलताना समजत गेलं, आणि त्यावर थोडं थांबायला हवं.

डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड. ते बसवताच पुढचे पाटे दबतात, गाडी नाकावर बसते. म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक जास्तीचा पाटा घातलेला. डिझेलची थरथर जास्त, त्यानं इंजिन पेलणाऱ्या ब्रॅकेटला चीर जाते. म्हणून ब्रॅकेटला पट्टी जोडून वेल्डिंग. डिझेल सुरू करायला जोर लागतो, मूळची सहा व्होल्टची वायरिंग पुरत नाही. म्हणून बारा व्होल्ट, मोठी बॅटरी, आणि ती ठेवायला पत्रा कापून केलेला कप्पा. वजन वाढलं, वेग वाढला, पण ब्रेक मात्र तेच नऊ इंची ड्रमचे. एक बदल केला की तो पुढच्या चार बदलांची भीक मागत दारात उभा राहतो, हे मी वर्गात फळ्यावर शिकवत होतो. इथं ते लोखंडात लिहिलेलं होतं, कुणा अनाम मिस्त्र्यांच्या हातचं. काही जोड इतके सुबक, की माझ्या उत्तम विद्यार्थ्याला जमले नसते. काही इतके गचाळ, की आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

खरा धक्का ॲक्सल उघडल्यावर बसला. गाडी आणली तेव्हा पुढचा प्रोपेलर शाफ्ट नव्हताच. हरवला असेल, भंगारात गेला असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. मिस्त्रींनी दोन्ही डिफरन्शियलची झाकणं काढली आणि दात मोजायला घेतले. पुढं पिनियनला आठ, क्राउनला एकोणचाळीस. मागं पिनियनला आठ, क्राउनला त्रेचाळीस. त्यांनी पुन्हा मोजले. मग मी मोजले.

ज्यांना या भानगडीची सवय नाही त्यांच्यासाठी : चारही चाकं एकाच वेळी ओढणार असतील, तर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं प्रमाण सारखं लागतं. युद्धकाळच्या जीपमध्ये दोन्हीकडं ३९ ला ८. सर्वांत खालच्या गिअरमध्ये, ट्रान्सफर केसचा छोटा दांडा खाली ओढला, की इंजिन पंचवीस-सव्वीस वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. गाडी माणसाच्या चालीनं भिंत चढल्यासारखी चढते, ती या हिशेबानं. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये प्रमाण ४३ ला ८ आलं. आमच्या गाडीचा मागचा ॲक्सल कधीतरी मोडला, आणि कुणीतरी नंतरच्या जीपचा बसवला. मिळाला तो बसवला. त्या दिवसापासून पुढचा आणि मागचा हिशेब जुळेना. चारही चाकं जोडून कडक रस्त्यावर गाडी चालवली असती, तर पुढचं आणि मागचं एकमेकांना पिळून कुठला तरी दांडा मोडला असता. म्हणून पुढचा शाफ्ट कुणी हरवला नव्हता. समजून-उमजून काढून ठेवला होता. ही फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आयुष्याची निम्मी वर्षं दोन चाकांवर धावली होती.

ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांना मी विचारलं. ते हसले. "त्यो शाफ्ट काय करायचाय? वडापला बारा-पंधरा माणसं असायची. अडकली की उतरून ढकलायची."

अभ्यास म्हणून सुरू केलेल्या कामातलं माझ्या दृष्टीनं हे सगळ्यात मोलाचं वाक्य. ऐंशी-नव्वदच्या दशकात सातारा-सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर वडाप म्हणून धावणाऱ्या जीप पाहिलेल्यांना ते लगेच पटेल. जिथं एसटी दिवसातून एकदा येई, किंवा येतच नसे, तिथं जीप जाई. मागं पायरीवर चौघं लोंबकळत, टपावर कोंबड्या आणि खताची पोती, ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. त्या चिखलात पुढच्या चाकांची ओढ हवी होती, असं आज आपल्याला वाटतं. पण शाफ्ट, पुढचे जॉइंट, जास्तीचं तेल, जास्तीचं डिझेल, यांचा खर्च प्रवाशांच्या भाड्यातून निघत नव्हता. प्रवाशांचे खांदे फुकट होते. नंतर कंपनीनंही मागच्याच चाकांना ओढ असलेल्या जीप विकल्या, त्या याच हिशेबानं. पुस्तकात जीपचा इतिहास चारही चाकांचा आहे. आपल्याकडचा बराचसा इतिहास मागच्या दोन चाकांचा आणि ढकलणाऱ्या माणसांचा आहे.

*

मिलिंदप्रश्नात नागसेन भिक्षू राजाला विचारतात, तू रथातून आलास ना, मग दाखव रथ. आस म्हणजे रथ का? चाकं? जू? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो, की या सगळ्यांच्या मेळाला रथ हे नुसतं नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक राजाला पटलेली ही गोष्ट आपल्या वाहन कायद्याला पटलेली नाही. त्याच्या मते चासी म्हणजे रथ.

कायद्याची अडचण मी समजू शकतो. चोरीच्या गाड्या, अपघात, विमा. कुठंतरी खुंटी ठोकावीच लागते. पण गेल्या काही वर्षांत ही खुंटी दोन बाजूंनी ठोकली गेली आहे आणि मधे आमच्यासारख्या गाड्या सापडल्या आहेत. एकीकडं १९८८ च्या मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ : उत्पादकानं ठरवलेल्या मूळ स्वरूपाच्या विरुद्ध गाडीत फेरफार करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळातल्या एका प्रकरणात हे स्पष्ट शब्दांत पक्कं केलं. दुसरीकडं २०२१ चे व्हिंटेज गाड्यांचे नियम. पन्नास वर्षांवरच्या गाडीला मानाची वेगळी नोंदणी, पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी, की गाडी मूळ रूपात राखलेली असावी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे जी जीप एखाद्या संस्थानिकाच्या पागेत न वापरता पडून राहिली, ती वारसा. जी ऐंशी वर्षं राबली, राबण्यासाठी बदलत गेली, ती फेरफार केलेली. माझ्या मते उलट आहे. न बदललेली जीप सुंदर असेल, पण तिला सांगण्यासारखं १९४५ नंतर काहीच नाही.

मूळ रूपाचा हा आग्रह किती टोकाला जातो, याचं एक उदाहरण सांगून पुढं जातो. विलीज कंपनी १९५३ ला कैसरनं घेतली, १९७० ला अमेरिकन मोटर्सनं, १९८७ ला क्रायस्लरनं, पुढं क्रायस्लरच फियाटकडं गेली. जीप हे नाव असं घरोघर फिरत असताना इकडं महिंद्र विलीजच्या परवान्यापासून सुरू झालेली तीच जातकुळी अखंड घडवत राहिले, पेट्रोलवरून डिझेलवर, प्यूजोच्या इंजिनावर, एमएम ५४० वर. २०१८ मध्ये त्यांनी अमेरिकेत रस्त्याबाहेर चालवायची रॉक्सर गाडी विकायला काढली, आणि जीप हे नाव ज्यांच्याकडं होतं त्यांनी तक्रार केली, की ही जीपसारखी दिसते! २०२० मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानं तक्रार मान्य केली. महिंद्रांनी तोंडवळा बदलला आणि मग ती गाडी चालली. तोंडवळाच बदलायचा होता. तो मुळात फोर्डचा.

तर मग आमच्या जीपचं काय करायचं? मिस्त्रींच्या गॅरेजात येणाऱ्या तरुण मंडळींचं मत ठाम होतं. ही मुलं हुशार आहेत. २०१४ ला गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलातली शर्यत सुरू झाली, तेव्हापासून या छंदाला आपल्याकडं चांगलीच धार आली आहे. त्यांनी मला यादी करून दिली : पाटे ॲक्सलच्या वर घेऊन गाडी उंच करा, चार इंच मोठे टायर, पुढं विंच, दोन्हीकडं डिफरन्शियल लॉक. शेवटची सूचना तांत्रिकदृष्ट्या अगदी बिनतोड. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव आळशी माणसासारखा असतो, जिकडं विरोध कमी तिकडं जोर वाया घालवायचा. एक चाक हवेत गेलं की तेच गरगरत राहतं आणि जमिनीवरचं उभं. लॉक घातला की दोन्ही चाकं बांधली जातात. पण टायर मोठे केले की गिअरचं प्रमाण पुन्हा बदलायचं, प्रमाण बदललं की शाफ्टवर ताण, उंची वाढली की शाफ्टचा कोन बिघडतो, ब्रेक तर आधीच तोकडे. आणि यातलं पुष्कळसं कलम ५२ च्या पलीकडचं. पुन्हा तेच, दारात उभे चार बदल. दुसऱ्या बाजूला एक संग्राहक मित्र होता. त्याचं म्हणणं, डिझेल काढून टाक, मी तुला विलीजचं पेट्रोल इंजिन मिळवून देतो, सहा व्होल्ट कर, मिलिटरी हिरवा रंग दे, हुडावर पांढरा तारा काढ. तारा काढला की १९७९ पुसलं, वडाप पुसलं, ती पंधरा माणसं पुसली.

आम्ही तिसरंच केलं. डिझेल ठेवलं, त्याला नव्यानं बोअर मारला, क्रँक घासून घेतला. चिरलेलं ब्रॅकेट उद्यमनगरात नवं करून घेतलं, पण सुबक जोड जिथं होते तिथं हात लावला नाही. ब्रेकची सिलिंडरं सगळी नवी. मागचा ॲक्सल जुन्यासारखा करण्याऐवजी पुढच्याचा क्राउन-पिनियन नव्यासारखा केला, दोन्हीकडं ४३ ला ८. तो जोड शोधायला पाच महिने गेले. शेवटी मुंबईत कुर्ल्याच्या भंगारबाजारात, एका पोत्यात, कामट्यात गुंडाळलेला मिळाला. पुढचा शाफ्ट लेथवर कापून, तोलून, बसवला. टायर बुकात आहेत त्याच मापाचे, फक्त नक्षी खोल. कागदावर गाडी १९७९ मध्ये होती तीच आहे. आत मात्र कित्येक दशकांनी पुढचा हिशेब मागच्याशी जुळला.

पहिल्या पावसानंतर आम्ही ती गगनबावड्याकडं, एका धनगरवाड्याच्या कच्च्या वाटेवर नेली. सह्याद्रीच्या त्या माथ्यांवर अशा वस्त्या अजून आहेत, जिथं पावसाळ्यात आजारी माणसाला डालग्यात किंवा झोळीत घालून खाली आणावं लागतं. तिथं चार चाकांची ओढ हा छंद नसतो. लाल चिखलात मागची चाकं जागेवर फिरायला लागली तशी मिस्त्रींनी लहान दांडा ओढला. क्षणभर काही झालं नाही, मग पुढून एक हलका हिसका बसला आणि गाडी ओढल्यासारखी वर निघाली. जुने मालक मागं बसले होते. उतरून ढकलायच्या तयारीनं त्यांनी एक पाय आधीच पायरीवर ठेवला होता.

नोंदणीचं नूतनीकरण गेल्या महिन्यात झालं. अर्जासोबत चासी नंबराचा ठसा लागतो. मिस्त्रींनी नंबरावर पारदर्शक टेप चिकटवली, वरून शिसपेन्सिल आडवी घासली आणि टेप उचलून अर्जावर लावली. सहा आकडे उमटले. वाकडा आठ जरा पुसट आला, तर त्यांनी तो पेन्सिलीनं गिरवला नाही. पुन्हा चासी पुसली आणि दुसरा ठसा घेतला.